पाचवा बार

नळदुर्गाच्या आसपास तीन-चार कोसांत ज्याला विहीर पाडायची असे, तो आधी नबीलालभाईंच्या दारात येऊन बसायचा आणि मग जोशाकडे मुहूर्त विचारायला जायचा. मुहूर्त चुकला तरी चालेल, नबीलालभाई चुकायला नकोत, असा त्यांचा लौकिक होता. त्यांनी चव्वेचाळीस विहिरी पाडल्या. हा आकडा त्यांनी कधी सांगितला नाही. मीच एकदा बांधावर बसून एकेक गाव आठवत मोजला. त्यातल्या एकाही विहिरीत माणूस मेला नाही की कुणाचं बोट तुटलं नाही. आमच्याकडचा काळा पाषाण ज्यांनी फोडलाय त्यांनाच हे केवढं मोठं आहे ते कळेल.

मी बलभीम. त्यांच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. माणूस तापट, तोंडाचा फाटका. बायको द्वारका म्हणते, तुमची जीभ आधी चालते आणि डोकं मागनं धावत येतं. ती म्हणते ते खरं आहे, आणि हे सगळं लिहायला बसलोय ते त्याच्यापायीच.

पहिल्या मोठ्या लढाईच्या वेळी नबीलालभाई अठरा-एकोणीस वर्षांचे होते. चालत सोलापूर गाठलं आणि सफरमैना पलटणीत भरती झाले. बसऱ्याच्या वाळूत त्यांनी चर खणले, पूल बांधले, सुरुंग लावायला शिकले. परत आले ते पितळी बकलाचा पट्टा आणि एक शिट्टी घेऊन. डाव्या कानाचं ऐकणं तिकडंच राहिलं, उजव्याचंही निम्मंच उरलं. घरी आले तर मानमोडीच्या साथीत भाऊ-भावजय दोघंही गेलेले, आणि त्यांची चार लेकरं ओसरीवर बसलेली. मग नसीमबीशी लग्न झालं, स्वतःची तीन झाली. सात लेकरं आणि कमावता हात एकच. शनिवारी पहाटे खांद्यावर पहार टाकून निघायचे आणि गुरुवारी सांजेला घरी यायचे. दारात आले की आधी लेकरांची डोकी मोजायचे, मग पाण्याचा तांब्या हातात घ्यायचे. सातही लेकरांची लग्नं त्यांनी लावली. पुतणी कोण आणि लेक कोण, हे गावातल्या नव्या सुनांना वर्षवर्ष कळत नसे. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

अठ्ठेचाळीस साली निजामाचं राज्य गेलं, त्या पोलीस ॲक्शनच्या वाईट आठवड्यात त्यांचं सगळं घरदार आमच्या कडब्याच्या गंजीमागं लपलेलं होतं. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत, मीही बोललो नाही.

त्या गोष्टीला दहा-अकरा वर्षं झाली असतील, तेव्हा माझी जुनी विहीर ढासळली. एका बाजूची दरड रात्रीतून आत बसली आणि पाणी गाळात गेलं. नवी पाडणं भाग होतं. नबीलालभाईंनी शिवारभर फिरून जागा दाखवली, तेव्हा ते त्रेसष्ट वर्षांचे होते. संक्रांत झाल्यावर काम धरलं. वरची माती गेली, मुरूम गेला, आणि मग लागला तो पाषाण. सहा परस, म्हणजे सहा माणसं एकावर एक उभी राहतील एवढं खाली गेलो तरी ओल नाही. वैशाख निम्मा सरला होता. पाऊस यायच्या आत पाणी लागून कडा बांधून झाल्या नाहीत, तर पहिल्या दोन मोठ्या पावसांत सगळी विहीर गाळानं भरणार, कडेचा मुरूम आत बसणार आणि पाच महिन्यांची मेहनत मातीत जाणार, हे मला दिसत होतं. मी रोज आभाळाकडं बघायचो आणि रोज कुणावर तरी खेकसायचो.

कामाला नबीलालभाई, माझा थोरला बिभीषण, आणि शंकरप्पा नावाचा गडी चार माणसांसह. बिभीषण तेव्हा पंचविशीतला, लग्न झालेला, बैलासारखा ताकदीचा. एकानं पहार धरायची, दुसऱ्यानं घण मारायचा. पहार धरणाऱ्यानं प्रत्येक घावाबरोबर ती थोडी फिरवायची, म्हणजे भोक गोल पडतं. घण चुकला तर धरणाऱ्याचं मनगट गेलं. नबीलालभाई त्या वयातही पहार स्वतः धरायचे. घण बिभीषणाच्या हातात. वरून बघताना माझी नजर त्या घणावरनं हलत नसे. ते मात्र पहारीकडं बघतसुद्धा नसत, बिभीषणाच्या खांद्याकडं बघत.

पाच भोकं झाली की त्यात दारू भरायची, वात सोडायची आणि वरून माती ठासायची. पाचही वाती कमीजास्त लांबीच्या कापायच्या, म्हणजे बार एकामागून एक उडतात, मोजता येतात. वाती पेटवायला फक्त नबीलालभाई खाली राहायचे. बाकीचे वर. मग ते दोराला धरून, कडेच्या खोबणींत पाय रोवत वर यायचे, शिट्टी वाजवायचे, आणि एक काम न चुकता करायचे. पायातल्या वहाणा काढून बाजूला ठेवायचे आणि काठापासून दहा पावलांवर अनवाणी उभे राहायचे. तापलेल्या मुरमावर. आम्हाला वाटायचं, धरणीला सलाम करतायत. जिच्या पोटात दारू भरली तिची माफी मागतायत. शंकरप्पा तर तेवढा वेळ हात जोडायचा.

बार मोजायचं काम सगळ्यांचं. मोठ्यानं मोजायचं. पाच भरले की एक विडी ओढून संपेपर्यंत थांबायचं आणि मगच खाली उतरायचं. एक जरी कमी भरला, म्हणजे एक सुरुंग आत जिवंत राहिला, तर त्या दिवशी विहिरीत कुणीही उतरायचं नाही. दुसऱ्या दिवशी उतरायचं, ते एकट्या नबीलालभाईंनी. हा त्यांचा कायदा होता, आणि चाळीस वर्षांत तो त्यांनी मोडला नव्हता.

सुरुंग आम्ही संध्याकाळी उडवायचो. पण त्या दिवशी मला घाई झाली. भोकं दुपारीच तयार झाली होती. मी म्हणालो, "नबीभाई, आत्ताच उडवा. सांजेपर्यंत दगड वर काढून होतील. एक दिवस वाचंल."

ते म्हणाले, "सांजेला उडवू, बलभीम. सांजेला रान गप असतं."

"रान गप असलं काय अन् नसलं काय! पाऊस थांबणारंय का तुमच्यासाठी?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि काडेपेटी घेऊन ते खाली उतरले. शेत माझं, विहीर माझी. तेवढा मान ते मला देत.

वाती पेटवून ते वर आले. शिट्टी झाली. वहाणा निघाल्या. आम्ही मोजू लागलो. एक. दोन. दगडांचा चुरा काठाबाहेर उडाला. तीन. मग जरा वेळ गेला. चार. आणि त्याच्या मागोमाग लगेच पाच.

"पाच!" बिभीषण ओरडला. मी म्हणालो पाच, शंकरप्पा म्हणाला पाच, त्याची चारही माणसं पाच म्हणाली.

नबीलालभाई म्हणाले, "चार."

आधी आम्ही हसलो. मग बघितलं तर ते हसत नव्हते.

"चाचा, आमी सगळ्यांनी पाच मोजले," बिभीषण म्हणाला.

"हौ. पण चारच झाले. आज कुणी उतरायचं न्हाय."

माझं डोकं फिरलं. सात माणसांनी पाच ऐकलेले, आणि एका कानाचा म्हातारा चार म्हणतोय. मी गड्यांसमोर, माझ्या पोरासमोर त्यांना म्हणालो, "तुमाला ऐकू येतंय का धड? एक कान लढाईत गेला, दुसरा म्हातारपणानं गेला. बहिऱ्या माणसानं बार मोजायचे अन् आमी दिवस घालवायचे व्हय?"

शंकरप्पानं मान खाली घातली. हे शब्द तोंडातून निघताना मला कळत होतं की निघू नयेत. पण निघाले.

नबीलालभाईंनी आपल्या अनवाणी पायांकडं पाहिलं. मग हळूच म्हणाले, "बहिरा हाय म्या. म्हनूनच कानानं मोजत न्हाय. पायानं मोजतो. पलटणीत शिकलो. आपला बार तळव्याला लागतो. पाचवा न्हाय लागला."

"मग पाचवा कुठं उडाला, आभाळात?"

"सडकेच्या खाणीत."

सोलापूर-हैदराबाद सडकेच्या खडीसाठी मैलभरावर खाण होती. तिथं दुपारीच सुरुंग उडायचे, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. आमचे सांजेला, त्यांचे दुपारी, म्हणून कधी गल्लत झाली नव्हती. रान गप असतं म्हणाले ते याचसाठी. पण त्या क्षणी मला ते ऐकायचंच नव्हतं. पोरालाही नव्हतं; बाप तापला की ते माझ्याहून जास्त तापायचं.

"म्या बघून येतो," असं म्हणून बिभीषणानं दोर हातात घेतला आणि एक पाय पहिल्या खोबणीत टाकला.

नबीलालभाईंनी पुढं होऊन त्याचं मनगट धरलं. अंगानं ते बिभीषणाच्या निम्मे, पण चाळीस वर्षं पहार धरलेली मूठ ती. पोराला ती सुटेना.

"वर ये," ते म्हणाले. "म्या जातो. पाच असले तर म्या बहिरा. चार असले तर गप बसा."

कायद्याप्रमाणं उद्या जायचं होतं. त्यांचा चाळीस वर्षांचा कायदा माझ्या जिभेनं मोडला. मी अडवायला हवं होतं, अडवलं नाही. एवढं मात्र त्यांनी केलं की मला समोर बसवून एकामागून एक चार विड्या ओढल्या. ऊन डोक्यावरून कलंडलं. मग त्यांनी कमरेचा चाकू काढून शंकरप्पाजवळ दिला. अंगावर लोखंड नको, दगडाला घासलं की ठिणगी पडते. पट्टा पितळी बकलाचा, तो राहू दिला. बोरीची एक काठी तासून तिचं टोक बोथट केलं, पाण्याची घागर दोराला बांधायला सांगितली आणि उतरले.

मी काठाशी पालथा पडून खाली बघत होतो. धूर अजून बसला नव्हता. फुटलेल्या दगडांवरून ते चारी पायांवर चालल्यासारखे सरकत होते. एकेक दगड दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवत, आवाज न करता, निजलेल्या लेकराशेजारून भांडं उचलावं तसा. मग एका कोपऱ्यात थांबले. बराच वेळ हलले नाहीत.

"घागर सोड," खालून आवाज आला. ओरडून नाही, घरात पाणी मागावं तसा.

बिभीषण घागर सोडत होता. ती कडेला आपटू नये म्हणून दोर वीतवीतभर ढिला करत होता. नबीलालभाईंनी ओंजळीनं भोकात पाणी घातलं आणि थांबले. काठीनं ठासलेली माती हळूहळू मोकळी केली, बोटांनी उपसली, परत पाणी घातलं. अशा तीन घागरी झाल्या. शंकरप्पा देवाचं नाव घेत होता. मी देवाचं नाव घेऊ शकलो नाही, कारण त्या माणसाला खाली देवानं नव्हे, मी धाडलं होतं. त्या वेळात त्यांची सातही लेकरं माझ्या डोळ्यांपुढून गेली. नसीमबीला काय सांगायचं, हे मी मनात जुळवत होतो आणि ते काही केल्या जुळत नव्हतं.

शिट्टी वाजली तेव्हा उन्हं तिरपी झाली होती.

ते वर आले. चेहरा दगडाच्या पिठीनं पांढरा. बिभीषणाच्या हातात त्यांनी वात ठेवली. तिचं टोक दारूपासून वीतभर अलीकडं जळून विझलं होतं. मग माझा हात ओढून घेतला आणि तळव्यावर दारूचा काळा ओला गोळा ठेवला.

"पाचवा," ते म्हणाले.

तेवढंच. मग लिंबाच्या सावलीत जाऊन आडवे झाले. भर कामाच्या दिवशी त्यांना आडवं झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. बिभीषण त्यांच्या पायाशी जाऊन बसला तो अंधार पडेपर्यंत उठला नाही. माझं पोर ज्या दगडावर पहिला घण मारणार होतं त्याच्या खाली ती दारू होती. मी मात्र तिथून बैलांना पाणी दाखवायच्या निमित्तानं निघून गेलो. अशी माझी छाती.

नवव्या दिवशी त्याच कोपऱ्यातून पाणी आलं. आधी खडकाला घाम फुटल्यासारखी ओल, मग मनगटाएवढी धार. पाऊस यायला आठ दिवस होते, कडा बांधून झाल्या. आमच्याकडची रीत अशी की नव्या विहिरीची पहिली घागर खोदणाऱ्याच्या घरी जाते, आणि ती विहिरीच्या मालकानं स्वतः खांद्यावरून न्यायची. चव्वेचाळीस विहिरींपैकी त्रेचाळीसांच्या घागरी अशा त्यांच्या दारात उतरल्या. माझी तेवढी शंकरप्पाच्या खांद्यावरून गेली. मला त्या दारात उभं राहायचा धीर झाला नाही. द्वारका मला त्या दिवशी काय काय बोलली ते इथं लिहीत नाही.

त्यानंतर सात वर्षं नबीलालभाई माझ्याशी पूर्वीसारखेच बोलत राहिले. ईदला शिरखुर्मा यायचा, पोळ्याला आमच्या पुरणपोळ्या जायच्या. बिभीषणाला मुलगा झाला तेव्हा ते टोपडं घेऊन आले. मी दहा वेळा तोंड उघडलं आणि दहा वेळा पावसापाण्याचं बोलून मिटलं. एरवी न विचारता चालणारी माझी जीभ, तिला चार शब्द काढता येईनात.

सहासष्ट सालच्या मे महिन्यात सकाळी त्यांचा मुलगा मकबूल सायकलवरून आला. म्हणाला, "दादा, अब्बा गेले. कुदळीला दांडा बसवत होते. बसल्या जागी मान टाकली."

सत्तर वर्षांचा माणूस, आणि मरताना हातात कुदळ. मी धोतर सावरून निघालो, तेवढ्यात द्वारकानं समोर भरलेली घागर ठेवली. आमच्या विहिरीची.

"आंघोळीला पाणी लागंल. या टायमाला स्वतः न्या," ती म्हणाली.

मी घागर खांद्यावर घेतली. वहाणा दारातच राहिल्या, ते मला बांध ओलांडल्यावर कळलं. परत फिरलो नाही. मुरूम तापला होता, पाय भाजत होते. ओढ्याशी आलो तर पुढं एक माणूस घागर घेऊन चालला होता. त्याच्यापुढं आणखी दोन. पलीकडच्या वाडीकडून बसवराज पाटलाचा थोरला, डोक्यावर हंडा घेऊन. गाडीवाटेनं एक बैलगाडी येत होती, तिच्यात कडब्यावर टेकवलेल्या पाच घागरी. त्या वर्षी आड आटले होते, बायका कोसभरावरून पाणी आणत होत्या, आणि अशा दिवसांत माणसं पाणी घेऊन निघाली होती. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. ज्यानं ज्यानं पहिली घागर त्या दारात उतरवली होती, त्याला त्याला शेवटची घेऊन जावीशी वाटली. दारासमोर मी एकोणतीस मोजल्या. मग मला पुढचं दिसेना.

एका माणसाच्या आंघोळीला पाणी लागतं किती? मकबूल बाहेर आला, त्या रांगेकडं बघत राहिला आणि मग तांब्या घेऊन प्रत्येक घागरीतून थोडं थोडं पाणी काढू लागला. कुणाची घागर वगळली नाही. माझ्यापाशी आला तेव्हा मात्र त्यानं तांब्या बाजूला ठेवला आणि अख्खी घागर उचलली.

"अम्मा म्हनाली, पाय तुमच्या पान्यानं धुवायचे," तो म्हणाला.

चादरीच्या आडोशामागं पाणी ओतल्याचा आवाज मी ऐकला. ज्या तळव्यांनी माझं पोर राखलं, त्यांच्यावरून माझ्या विहिरीचं पाणी वाहून अंगणात आलं आणि माझ्या भाजलेल्या पायांपाशी येऊन मुरलं. मी भिंतीला धरून रडलो. अठ्ठावन्न-साठ वर्षांचा बाप्या, दोन गावांसमोर, लाजलो नाही. बिभीषणानं जनाज्याला खांदा दिला तो कबरस्तानापर्यंत बदलू दिला नाही.

तिसऱ्या दिवशी मी परत गेलो. नसीमबी दाराआड पदर ओढून बसल्या होत्या. मी उंबऱ्याबाहेर बसलो.

"भाभी," मी म्हणालो, "पायाचं तुमाला कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. त्या दिवशी घरी आले, पाय शेकायला ऊन पानी मागितलं. म्हनले, आज या पायांनी बलभीमचं पोरगं वाचलं. लई खूश व्हते."

"अजून काय म्हनले?"

"अजून काय? काय न्हाय."

सात वर्षं मला वाटत होतं, त्या घरात माझा तो शब्द ठाऊक आहे आणि तरी शिरखुर्मा येतोय. त्यांनी तो उंबऱ्याच्या आत आणलाच नव्हता. मग माझ्यानं राहवेना. मी सगळं सांगितलं. सहा माणसांसमोर काय बोललो, कसं बोललो, कुणाला मरायला खाली धाडलं, पहिली घागर गड्याच्या खांद्यावरून का आली, सगळं. "भाभी, म्या त्यांना बहिरा म्हनलो," मी म्हणालो, आणि मान वर करायची हिंमत झाली नाही.

मग नसीमबी हसल्या. खरंच हसल्या, बारीक, नाकातून.

"बहिरेच व्हते की, दादा. पंचेचाळीस वर्सं म्या वरडून बोलते त्यांच्याशी. मीठ पायजे का, वरडून. पोरगी आली, वरडून. गळा बघा माझा कसा झाला."

त्या थांबल्या. आत कुणीतरी भांडी घासत होतं, तेही थांबलं.

"आता कुनाला वरडू?" त्या म्हणाल्या.